कर्करोगाचा धोका कमी करायचा असेल तर आधी काय सोडावे आणि मग ताटात काय वाढावे

मागच्या श्रावणात गिरगावातल्या एका नातेवाइकांकडे जेवणे उरकली आणि गप्पांचा विषय कर्करोगाकडे वळला. कुणी हळदीच्या दुधाचे गुण सांगितले, कुणी साखर कायमची बंद केल्याचे अभिमानाने सांगितले, एका मावशींनी गव्हांकुराच्या रसाची महती गायली. आणि हे सगळे चालू असताना सुगंधी सुपारीची डबी या हातातून त्या हातात फिरत होती. त्या खोलीत कर्करोगाशी पक्का संबंध सिद्ध झालेली वस्तू बहुधा ती एकच होती, आणि तीच सर्वांनी चिमूट-चिमूट तोंडात टाकली. मीही टाकली, कारण लहानपणापासूनची सवय हाताला आपोआप पुढे नेते.

आहार आणि सवयी यांविषयी मराठी घरांतून जी चर्चा होते तिचा क्रम अनेकदा असा उलटा असतो. काय नवीन खावे याचा शोध आधी घेतला जातो आणि काय सोडावे हा प्रश्न टाळला जातो. म्हणून या लेखात क्रम मुद्दाम सुलटा ठेवला आहे: आधी खिशातल्या व डब्यांतल्या वस्तू, मग कंबर, मग ताट, आणि शेवटी लस व तपासणी. ज्याला एकाच गोष्टीसाठी वेळ आहे त्याने पहिली करावी.

बातमीतला आकडा कसा वाचावा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत. उरलेल्यांत वय, अनुवंश आणि पेशींचे विभाजन होताना घडणाऱ्या चुका यांचा वाटा असतो, त्यामुळे आयुष्यभर निर्व्यसनी राहिलेल्या माणसालाही कर्करोग होऊ शकतो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. सवयी बदलल्याने धोका कमी होतो, हमी मिळत नाही.

दुसरी गोष्ट वर्गीकरणाची. फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ही जागतिक आरोग्य संघटनेची शाखा, वेगवेगळ्या पदार्थांची गटांत विभागणी करते. पहिल्या गटात तंबाखू, मद्य, सुपारी, बाहेरच्या हवेचे प्रदूषण आणि प्रक्रिया केलेले मांस हे सगळे एकत्र बसलेले दिसतात, आणि मग ‘सॉसेज सिगारेटइतकेच घातक’ असा मथळा छापून येतो. तो चुकीचा आहे. हा गट पुरावा किती भक्कम आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. प्रक्रिया केलेल्या मांसाविषयी २०१५ साली जाहीर झालेला आकडा असा होता की रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. समजण्यापुरते धरू की न खाणाऱ्या शंभर जणांपैकी पाच जणांना हा आजार आयुष्यात कधीतरी होतो. तर रोज खाणाऱ्या शंभर जणांत तो सुमारे सहा जणांना होईल. वाढ खरी आहे, परंतु तंबाखूने फुप्फुसाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो, त्याच्याशी तिची बरोबरी होत नाही.

खिसा, कनवटी आणि मुखवासाचा डबा

भारतातील पुरुषांत ओठ व तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे, आणि त्याचे कारण टपरीवर टांगलेल्या पुड्यांच्या माळांत दिसते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुतेक जण ती ओढत नव्हते, तर चघळत, मळत किंवा हिरड्यांना लावत होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. त्यानंतर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी वेगवेगळी घेऊन हातावर एकत्र करण्याची पद्धत रुळली, आणि तोंडाच्या दृष्टीने त्यात काडीचाही फरक पडला नाही.

मिश्रीचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण ती वापरणाऱ्या अनेक बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत. तव्यावर तंबाखू काळपट होईपर्यंत भाजून तिची पूड करतात आणि ती बोटाने हिरड्यांवर घासतात. माझ्या आजीच्या मोरीतल्या फळीवर अशी पितळी डबी असे. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे तिचे ठाम मत होते. ते मत अनुभवातून आलेले होते, कारण निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. त्यामुळे मिश्री सोडणाऱ्या बाईला पहिले काही दिवस बद्धकोष्ठ होणार हे घरच्यांनी आधीच ओळखून सकाळी कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका, जेवणात पालेभाजी आणि जरूर पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोल अशी तजवीज करून ठेवावी. ‘सोडून दे’ एवढेच सांगितल्याने ती सुटत नाही.

तंबाखू किंवा सिगारेट सोडताना तारीख ठरवावी आणि ती पंधरा दिवसांच्या आतली असावी. त्या तारखेआधी चार-पाच दिवस प्रत्येक वेळी तलफ कधी येते ते मोबाइलमध्ये किंवा चिठ्ठीवर लिहावे: चहानंतर, गाडीत बसल्यावर, साहेबांशी खटका उडाल्यावर, शौचाला जाण्यापूर्वी. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ काढण्यासाठी तोंडात टाकायला बडीशेप, लवंग किंवा आवळकाठी हाताशी ठेवावी. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल तर अवलंबित्व जास्त आहे असे समजावे आणि डॉक्टरांना विचारून निकोटीनच्या च्युइंगगमची मात्रा ठरवावी. हे गम साध्या गमसारखे सतत चघळायचे नसते, ही गोष्ट औषधाच्या दुकानात क्वचितच कुणी सांगतो. थोडे चावावे, तिखटसर झिणझिण्या जाणवल्या की गालाच्या एका कोपऱ्यात दाबून ठेवावे, चव ओसरली की पुन्हा चावावे, आणि गम घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे चहा, कॉफी किंवा सरबत पिऊ नये, कारण आम्लधर्मी पेयांमुळे निकोटीन नीट शोषले जात नाही. केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा सोडण्याच्या काळात सल्ला देते. पहिला प्रयत्न फसला तर पुढची तारीख ठरवावी. अनेकांना एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात. सिगारेट सोडल्यावर दहाएक वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत निम्म्यावर येतो, म्हणून पन्नाशीत सोडण्यालाही पुरेपूर अर्थ आहे.

आता सुपारी. तंबाखू नसलेली, नुसती, गुलकंदी किंवा भाजकी सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे वर उल्लेखिलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवले. ती दीर्घकाळ चघळणाऱ्यांच्या गालाच्या आतली त्वचा हळूहळू तंतुमय व ताठ होते, तिखट खाताना जळजळ होते आणि तोंड उघडेनासे होते. या विकारातून पुढे काहींना कर्करोग होतो. घरातल्या मुखवासाच्या डब्यातून सुपारी काढून टाकावी आणि तिथे बडीशेप, ओवा, भाजलेले तीळ ठेवावेत. पूजेच्या ताटातल्या सुपारीने काही बिघडत नाही. ती तोंडात जात नाही.

पूर्वी किंवा आता यांतले काहीही वापरणाऱ्याने महिन्यातून एकदा स्वतःचे तोंड पाहावे. खिडकीजवळच्या उजेडात आरशासमोर उभे राहावे, कवळी असल्यास काढावी, चूळ भरावी. प्रथम तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या वरच्या व खालच्या दातांमध्ये घालून बघावीत. ती सहज मावायला हवीत. दोनच बोटे मावत असतील तर तोंड उघडणे कमी झाले आहे. मग बोटाने एकेक गाल बाहेर ओढून आतली बाजू, ओठांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जीभ वर उचलून तिच्याखालचा भाग पाहावा. पुडी किंवा तंबाखूची गोळी जिथे धरून ठेवण्याची सवय आहे ती जागा दोनदा पाहावी. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, हाताला लागणारी गाठ किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम यांपैकी काहीही दिसले तर मलम लावत बसू नये. दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण सुरुवातीचा चट्टा बहुधा दुखतच नाही.

बिअरही दारूच

मद्याविषयीची एक समजूत कार्यालयीन मेजवान्यांत नेहमी ऐकू येते: बिअर म्हणजे काही दारू नव्हे. हिशेब मांडून पाहावा. ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत तो सुमारे ४१ ग्रॅम भरतो, म्हणजे एक बाटली ही चार लहान पेगांएवढी झाली. शरीरात मद्यार्काचे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते. शिवाय मद्यामुळे स्त्रियांच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन अशा सात ठिकाणच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध सिद्ध झाला आहे, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत थोड्या प्रमाणातही धोका किंचित वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले की आरोग्यास निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही.

मद्य आणि तंबाखू एकत्र आले की तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या बेरजेपेक्षाही अधिक वाढतो. ज्यांना पूर्ण सोडणे जमत नाही त्यांनी निदान पेगाबरोबर सिगारेट पेटवण्याची जोडी तोडावी आणि आठवड्यातले पिण्याचे दिवस मोजून कमी करावेत. रोज पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण हात थरथरणे, झटके येणे असे त्रास होऊ शकतात.

कंबर मोजणे आणि चालणे

वजनाचा काटा घरात नसला तरी शिंप्याची टेप असते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजावे. पँटचा नंबर पाहून चालत नाही, कारण पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. अतिरिक्त चरबीचा संबंध किमान तेरा प्रकारच्या कर्करोगांशी असल्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये निघाला. त्यांत मोठे आतडे, गर्भाशयाचे अस्तर, स्वादुपिंड, मूत्रपिंड आणि रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग येतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होते, आणि पोटावरच्या चरबीने इन्शुलिनही वाढलेले राहते; दोन्ही गोष्टी पेशींना वाढण्याचा इशारा देत राहतात.

आठवड्याला किमान १५० मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालावे, असे प्रमाण आहे. वेग पुरेसा आहे की नाही हे कळण्याची सोपी खूण म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास होते, तेव्हा झपझप दोन फेऱ्या, आठवड्यातून सहा दिवस, एवढ्यात हिशेब पुरा होतो. कट्ट्यावर बसून गप्पा मारल्याचा वेळ त्यात धरू नये. विरार किंवा कल्याणहून दीड तास उभ्याने येणाऱ्या माणसाला पहाटे फिरायला जा असे सांगणे ही थट्टा ठरेल. त्याने जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटे, स्टेशन ते कार्यालय शेअर रिक्षाऐवजी पायी दहा मिनिटे आणि सरकत्या जिन्याऐवजी साधा जिना अशी तुकड्यातुकड्यांनी बेरीज करावी. तुकड्यांत केलेली हालचालही मोजली जाते. पावसाळ्यात इमारतीचे जिने आहेतच.

स्वयंपाकघरात

ताटाच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा तंतुमय पदार्थांचा आहे. दिवसाला दर १० ग्रॅम जादा तंतूंमागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी आढळतो, आणि दिवसाला २५ ते ३० ग्रॅम हे गाठण्याजोगे लक्ष्य आहे. इथे मुंबईकराची अडचण भाताची आहे. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम २.८ ग्रॅम तंतू असतात, तर ज्वारीत सुमारे १०, नाचणीत ११ आणि बाजरीत ११.५ ग्रॅम. अख्ख्या मटकीत सुमारे १५ आणि हरभऱ्यात २५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दुपारच्या डब्यात भात-वरणाऐवजी दोन भाकऱ्या, मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर असली तर निम्म्याहून अधिक काम त्या एका जेवणातच होते. भाकरी थापता येत नसेल तर गव्हाच्या पिठात चौथा हिस्सा नाचणीचे पीठ मिसळून पोळ्या कराव्यात. गव्हाचा कोंडा चाळून फेकू नये. ज्यांना सवय नाही त्यांनी एकदम उसळींचा मारा केला तर पोट फुगते आणि आठवड्याभरात उत्साह मावळतो, म्हणून पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावे आणि पाणी अधिक प्यावे.

फळे व भाज्या मिळून दिवसाला ४०० ग्रॅम लागतात, आणि बटाटा, साबुदाणा यांची गणती त्यात होत नाही. माठ, चवळी, अंबाडी, शेपू, मेथी अशा जुड्या आणताना निवडण्याचा कंटाळा हाच खरा अडथळा असतो. रविवारी दोन जुड्या निवडून, न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून शीतपेटीत ठेवल्या तर बुधवारपर्यंत टिकतात. परदेशी फळांची गरज नाही. पेरू, आवळा, पपई, चिकू पुरेसे आहेत.

शेंगदाण्यांविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण मराठी स्वयंपाकघरात कूट घातल्याशिवाय भाजी होत नाही आणि मुंबईचा पावसाळा धान्याचा शत्रू आहे. दमट हवेत शेंगदाणे, मका आणि मसाल्यांवर एक विशिष्ट बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे, आणि हिपॅटायटिस बी या यकृताला ग्रासणाऱ्या विषाणूचा संसर्ग असलेल्या व्यक्तीत त्याचा परिणाम अनेक पटींनी वाढतो. भाजल्याने किंवा शिजवल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर पाच किलोंची खरेदी टाळून पाव किंवा अर्धा किलो आणावे, ताटात पसरून हिरवट-काळपट, सुरकुतलेले, पोचट आणि मोडलेले दाणे वेचून काढावेत, उरलेले घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावेत आणि कूट चार-पाच दिवसांपुरतेच करावे. खाताना एखादा दाणा कडू लागला तर गिळू नये, थुंकून चूळ भरावी. बुरशी लागलेले दाणे ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून चटणीत वाटण्याची काटकसर महागात पडते.

रविवारच्या मटणाला बंदी नाही. शिजवलेले लाल मांस आठवड्याला साधारण ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावे, आणि बाकीचे दिवस मासे, अंडी, कडधान्ये यांना द्यावेत. सलामी, सॉसेज, हॅम, बेकन यांना मात्र रोजच्या डब्यात जागा देऊ नये. मुलांच्या सँडविचमध्ये उकडलेले अंडे किंवा पनीर घातले की प्रश्न मिटतो. मांस निखाऱ्यावर किंवा तव्यावर काळे पडेपर्यंत भाजल्याने घातक रसायने तयार होतात, तेव्हा करपलेला भाग काढून टाकावा; आपला रस्सा या बाबतीत कबाबापेक्षा बरा.

मिठाची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅम आहे, कारण जास्त मीठ आणि खारवलेले पदार्थ जठराच्या कर्करोगाशी जोडलेले आहेत. चार माणसांच्या घरात याचा अर्थ महिन्याला ६०० ग्रॅम, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण व खारवलेले मासे यांतले मीठही आले. खारे मासे वर्ज्य करायचे कारण नाही, पण ते पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन घ्यावेत आणि त्या दिवशी आमटीत मीठ हात आखडून घालावे.

चहाचा प्रश्न चहाचा नाही, तापमानाचा आहे. ६५ अंश सेल्सियसहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असा निष्कर्ष २०१६ मध्ये निघाला. टपरीवरचा कटिंग चहा हातात येतो तेव्हा काचेचा ग्लास कडेला दोन बोटांनीच धरता येतो. तो मुठीत आरामात धरवेपर्यंत थांबावे, किंवा सरळ बशीत ओतून प्यावा. बशीने चहा पिण्याला नाके मुरडणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात घ्यावा. दिवसात चार कप आणि कपाला दोन चमचे असा हिशेब असेल तर साखर ३० ग्रॅमच्या वर जाते. तिचा कर्करोगाशी संबंध मुख्यतः वजनामार्फत आहे, पण तो आहे.

वडे तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. ते काळे, चिकट किंवा फेसाळ झाले की टाकून द्यावे. दहा बाय दहाच्या खोलीत फोडणी देताना पंखा किंवा खिडकी उघडी ठेवावी. दूध व दही सोडण्याचे कारण नाही. कॅल्शियमयुक्त दुग्धाहाराने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बहुधा कमीच होतो.

ज्यावर पैसे घालवू नयेत

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी कर्करोग टळत नाही, आणि काही वेळा उलटे घडते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा १९९४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत त्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक झाल्याचे दिसले. गाजर खाणे आणि गाजरातील एक द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत गिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हळद फोडणीत जरूर घालावी, पण तिच्यातील कुर्कुमिन आतड्यांतून फारच कमी शोषले जाते, त्यामुळे हळदीच्या दुधावर कर्करोग सोपवून निश्चिंत होता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये साखर व दूध बंद करून आणि हळद-कडुलिंब घेऊन कर्करोग बरा झाल्याचा एक जाहीर दावा देशभर पसरला, तेव्हा टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ तज्ज्ञांनी निवेदन काढून अशा दाव्यांना पुरावा नसल्याचे सांगितले आणि उपचार लांबवू नका असे आवाहन केले.

लस आणि तपासणी

हे आहाराच्या लेखात कशाला, असे कुणी विचारील. पण वरचे सगळे पाळूनही उरणारा धोका इथेच पकडता येतो. हिपॅटायटिस बीची लस बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात आहे. मोठ्यांनी घेतली नसल्यास डॉक्टरांना विचारावे. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो त्यावरची लस मुलींना ९ ते १४ या वयात देणे सर्वांत फायद्याचे. बाळाला अंगावर पाजण्यानेही आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे सुमारे ४.३ टक्के, असा आकडा २००२ मध्ये जागतिक माहितीच्या आधारे निघाला.

तपासणीचा पुरावा तर आपल्याच शहरातला आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर टाटा रुग्णालयाने दीर्घ अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून ते डोळ्यांनी तपासले, तेव्हा त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हातांनी केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशी व त्यापुढच्या स्त्रियांतील स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. ना महागडे यंत्र, ना सुईची टोचणी. शासकीय कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्ही तपासण्या येतात. जवळच्या पालिका दवाखान्यात चौकशी करावी आणि सासू-सुनेने एकाच दिवशी जावे, म्हणजे संकोच अर्धा होतो.

शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, मलातून रक्त, कारण नसताना घटणारे वजन, गिळताना अडणे, तीन आठवड्यांहून जुना खोकला किंवा आवाज बसणे, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव, स्तनातील गाठ, यांपैकी काहीही आढळल्यास आहारात बदल करून वाट पाहू नये. मूळव्याधच असेल असे स्वतःच ठरवून महिने घालवणारे लोक ओळखीत असतात.

आणि ज्यांच्या घरी उपचार सुरू आहेत त्यांनी वरील आहार जसाच्या तसा रुग्णाला लागू करू नये. केमोथेरपीच्या काळात वजन टिकवणे हे पहिले काम असते. कच्ची कोशिंबीर, तंतुमय उसळी त्या दिवसांत झेपतीलच असे नाही, आणि तूप-भात, खिमट, अंडे, दूध हेच योग्य ठरू शकते. रुग्णालयातील आहारतज्ज्ञांकडे जाताना रुग्ण दिवसभरात प्रत्यक्ष किती खातो ते दोन दिवस वाटी-चमच्याच्या मापाने लिहून न्यावे, आणि कोणताही काढा किंवा चूर्ण चालू असेल तर तेही सांगावे.